राजांची हजेरी

आमच्या घरमालकांचं घड्याळ एक तास पुढे असायचं. बिघडलेलं नव्हतं हो, मुद्दाम पुढे ठेवलेलं. मनगटावरचं, स्वयंपाकघरातलं, गाडीतलं, झाडून सगळी. आयर्लंडमधल्या आमच्या रिंगास्किडीच्या टेकडीवर अकरा वाजले की त्यांच्याकडे बारा वाजलेले असत आणि ते सूप गरम करायला घेत. मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. घर बघायला त्यांनी चारला बोलावलं, मी चारच्या ठोक्याला दार वाजवलं, तर हा सहा फुटी, टाय लावलेला म्हातारा मला म्हणतो, "तुम्ही एक तास उशिरा आलात." मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला. दुसऱ्यांच्या नोंदींतल्या वेळा तपासणं हा माझा धंदा. मला कुणी वेळेवरून बोललं की माझं डोकंच फिरतं. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, म्हणाले, "अच्छा, इकडची वेळ. ती पण बरोबर आहे," आणि किल्ली माझ्या हातात दिली.

एकाच भिंतीला टेकलेली दोन घरं होती, त्यांच्या आईच्या वडिलांची. एकात ते एकटे. दुसऱ्यात मी, नवरा आणि आठ वर्षांची लेक. समोर कॉर्कचं बंदर. बंदराच्या ऑफिसात त्यांनी चाळीस वर्षं जहाजांच्या नोंदी केल्या होत्या, कुठलं आलं, कधी आलं, कुठे गेलं. निवृत्तीनंतरही सवय जाईना. मी कपडे वाळत घालत असले की कुंपणापलीकडून हाक यायची, "ते बघा, रॉटरडॅमवरून आलंय. कालच यायला हवं होतं." बोलणं अस्सल कॉर्कचं, आमच्या कँटीनमधल्या बाईसारखं, गाणं म्हटल्यासारखं. कसे आहात विचारलं की ठरलेलं उत्तर, "ग्रँड." ताप असला तरी ग्रँड. छप्पर गळलं तरी ग्रँड. आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचा असला तरी टाय. स्वतःचा ठेवला की परत येऊन आमचाही न्यायचे. मी पहिल्यांदा धावत गेले, अहो, कशाला, आम्ही नेतो की. तर म्हणाले, "दोन हात आहेत, दोन डबे आहेत."

हा माणूस प्रिन्स आहे हे आम्हाला पोस्टमनमुळे कळलं. जाडजूड पाकीट, त्यावर सोनेरी मुकुट, चुकून आमच्या दारात. मला वाटलं लग्नाची पत्रिका. नेऊन देताना मी आपलं थट्टेनं म्हटलं, "काय, राजवाड्यातून बोलावणं वाटतं?" ते म्हणाले, "हो."

मग हळूहळू, कुंपणावर कोपर टेकून, कधी अर्धं वाक्य तर कधी एक, असं सगळं कळत गेलं. युरोपातलं एक लहानसं राज्य. अजून राज्य आहे, अजून राजा आहे. यांचे वडील तिथले राजपुत्र. त्यांनी परवानगी न घेता कॉर्कच्या एका नर्सशी लग्न केलं. शिक्षा अशी की वडील आणि त्यांची मुलंबाळं गादीच्या रांगेतून बाहेर. किताब ठेवला, रांग काढून घेतली. हे नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि आई त्यांना घेऊन माहेरी आली. निघताना वडिलांचं घड्याळ त्यांच्या मनगटाला बांधलं, ते सैल पडायचं म्हणून दोऱ्यानं आवळलं. इथे उतरल्यावर ते एक तास मागे घ्यायचं म्हणताच पोरानं जे भोकाड पसरलं, ते आईनं पुन्हा कधी विषय काढला नाही. ते घड्याळ आज माझ्याकडे आहे. मी रोज त्याला चावी देते. काटे मात्र होते तिथेच ठेवलेत.

"रांगेत शंभरावा असला तरी त्याला पुढच्याची पाठ दिसते," ते एकदा म्हणाले. "मला नुसती भिंत दिसते." आणि लगेच, मला काही बोलता येऊ नये म्हणून, "ते बघा, तेलाचं जहाज."

दोन हजार वीसच्या जानेवारीत माझे आण्णा मिरजेहून आले. तीन महिन्यांसाठी. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, आण्णा एस.टी.च्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. कानटोपी, मफलर आणि पिशवीभर शेंगदाण्याची चटणी एवढं घेऊन आले, आणि मार्चात जग बंद झालं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा सरकारी हुकूम. आण्णा कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकून, घरमालक पलीकडे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, आणि दोघांच्या गप्पा दोन-दोन तास. काय बोलत होते देव जाणे. एकदा गाडीचं बॉनेट उघडून दोघं डोकी आत घालून होते आणि आतून आण्णांचा आवाज, "ह्यो बेल्ट गेलाय बगा राजं, पार गेलाय," आणि दुसरा आवाज, "ग्रँड, ग्रँड." राजे हे नाव आण्णांचंच. मी त्यांना सगळी हकिगत सांगितली होती. म्हणाले, "गादी नसली म्हनून काय झालं? आमच्या हिकडं नाव एकदा पडलं की पडलं." तेव्हापासून आमच्या घरात ते राजेच. लेक मात्र इथलीच, ती म्हणायची, "युअर मॅन इज आउट इन द गार्डन." इथल्या बोलीत युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो गडी'. माझ्या कपाळाला आठ्या, आणि राजे भिंतीपलीकडे हसायचे.

त्या वर्षी शरदात एकट्या राहणाऱ्या माणसाला आणखी एक घर आपलं म्हणून निवडायची मुभा मिळाली, म्हणजे त्या घरात जायला-यायला हरकत नाही. बबल म्हणायचे त्याला. राजे टाय लावून आमच्या दारात आले आणि विचारलं, आमचं घर ते निवडू शकतात का. मी म्हटलं, अहो त्यात विचारायचं काय. ते तिथेच उभे राहिले. "नाही, रीतसर हो म्हणा." मी रीतसर हो म्हटलं.

खरं कारण आठवडाभरात कळलं. मुकुटाचं पाकीट आलं होतं.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी राजघराण्याचं तळघर उघडतात, जिथे त्यांचे सगळे पूर्वज दगडी पेट्यांत झोपलेले. राजांचे वडीलही तिथेच. जन्मानं तिथले, म्हणून मेल्यावर आत घेतलं. बरोबर बाराला सगळं कुटुंब जिन्यात उभं राहतं आणि म्हातारा कारभारी यादी वाचतो. राजापासून सुरुवात, मग गादीच्या रांगेनं एकेक नाव. ज्याचं नाव येईल त्यानं "आहे" म्हणायचं. "ती यादी वरच्यांसाठी नसते," राजांनी मला समजावलं. "खाली झोपलेल्यांना कळावं, आपल्याला भेटायला कोण कोण आलंय." राजे नऊ वर्षांचे होते तेव्हापासून एक वर्ष न चुकवता जात होते, आधी आईबरोबर, मग एकटे. यादीच्या शेवटी उभे राहायचे. यादी संपायची. तळघराचं दार लागायचं.

मी हिशेब केला. साठ वर्षं हा माणूस बापाला भेटायला जात होता, आणि बापाला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं की तुझा मुलगा आलाय.

आण्णांना मी हे रात्रीचं जेवण वाढताना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "म्हंजे सर्वपित्रीच की," म्हणाले. "पन आपल्यात सर्वपित्रीला ज्याचं कुनी न्हाई त्याचंबी नाव घेत्यात." उठून ताट ठेवलं. हात धुताना म्हणाले, "मी धा वर्षं रोजंदारीवर हुतो डेपोत. सकाळी साहेब मस्टर वाचायचा. आमचं नाव नसायचंच मस्टरात. पन शेवटापत्तर उबं ऱ्हायचं, काय सांगता येतंय, एकांदा दिवस." हे आण्णांनी मला उभ्या जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

तर त्या वर्षी प्रवास बंद, म्हणून राजवाड्यानं यादी ऑनलाइन ठेवली होती, आणि राजांकडे कॉम्प्युटर नव्हता. आमचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. मी आदल्या दिवशी सगळं तपासलं, कॅमेरा, आवाज, इंटरनेट. कागदावर यादी करून एकेका गोष्टीपुढे टिक केली. राजे काळा कोट घालून दहाला हजर, म्हणजे त्यांच्या अकराला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. आण्णांना मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवलं आणि बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनी कानटोपीसकट मान हलवली.

पडद्यावर खणाखणांतून राजघराणं. एका खणात तो कारभारी, वाकलेला, हातात चामड्याची वही. एकेक नाव. एकेक उत्तर. कुणी आजोबा, कुणी आत्या, एका खणात मांडीवरचं तान्हं बाळ, त्याच्या वतीनं आईनं उत्तर दिलं. राजे ताठ उभे. शेवटचं नाव झालं, कारभाऱ्यानं वही मिटायला हात उचलला, आणि माझ्या मागून डेपोतल्या दहा इंजिनांवर चढणारा आवाज आला.

"ओ कारभारी! आमच्या राजांचं नाव ऱ्हायलं की!"

आवाज बंद करायचं राहिलं होतं. सगळं तपासणाऱ्या बाईनं तेवढं एक तपासलं नव्हतं. पडद्यावर आमचाच खण मोठा होऊन पसरला: पुढे राजे, मागे हात वर केलेले कानटोपीतले आण्णा, आणि त्यांच्याही मागे खुर्चीवर वाळत घातलेल्या लेकीच्या विजारी. अख्ख्या राजघराण्यानं ते पाहिलं. कारभाऱ्यानं मान वर केली. तो तसाच बघत राहिला, वही उघडी, तोंड किंचित उघडं. मग कुणीतरी तिकडून आमचा आवाज बंद केला आणि वही मिटली.

राजांनी पडद्याला वाकून नमस्कार केला. मला म्हणाले, "थँक यू." चहा न घेता गेले.

बारा दिवस. कचऱ्याच्या दिवशी आमचा डबा जागेवरच. जहाजं आली नि गेली, हाक नाही. मी आण्णांवर इतकी ओरडले, इतकी ओरडले की आता आठवलं तरी स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात. सत्तर वर्षांच्या माणसाला मी म्हटलं, तुम्हाला कुठे काय बोलावं कळत नाही, हा तुमचा डेपो आहे का. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी एवढंच म्हणाले, "चुकलं माझं. पन नाव ऱ्हायलंच हुतं."

दिवाळीच्या पहिल्या सकाळी, बाहेर बोटं गळून पडतील अशी थंडी, आण्णा चकल्यांची ताटली घेऊन कुंपणाशी उभे. राजांच्या घड्याळात आठ, म्हणून आमच्या सातला. खणखणीत हाक मारली, "राजं!" आणि थांबले, साहेबासारखे, हातात वही असल्यासारखा हात धरून. पलीकडून काही नाही. ताटली कुंपणावर ठेवून आत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताटली रिकामी होती, पण उत्तर नाही. माझी लेक खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, आजोबा काय करतायत? मी म्हटलं, शाळेत बाई घेतात तशी हजेरी. ती चपला घालून पलीकडे पळाली आणि काहीतरी सांगून आली.

तिसऱ्या सकाळी आण्णांची हाक गेली आणि भिंतीपलीकडून उत्तर आलं, "अन्शो!"

आयरिश शाळांत हजेरीला मुलं हेच म्हणतात. म्हणजे इथे आहे. नऊ वर्षांचे असताना, दोऱ्यानं आवळलेलं सैल घड्याळ मनगटावर घेऊन राजे इथल्या शाळेत पहिल्यांदा बसले, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुणी यादीत त्यांचं नाव घेतलं होतं, आणि शेजारच्या पोरानं ढोसून सांगितलं होतं, म्हण, अन्शो. हे त्यांनी त्याच दिवशी आमच्याकडे चहा पिताना सांगितलं. आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुमच्या वडिलांचा मला राग नव्हता आला. कारभाऱ्यानं मान वर केली ना, तेव्हा मला वाटलं, आता हा घेणार. साठ वर्षं मी स्वतःला तसं वाटू दिलं नव्हतं."

आण्णांना मी याचं मराठी करून सांगितलं. ते उठले, राजांच्या खांद्यावर हात ठेवला, मग मला म्हणाले, "त्येंचं पुरं नाव इच्यार. बापाच्या नावासकट. आर्धं नाव घ्यायचं न्हाई." राजांची स्वतःची सात नावं निघाली आणि बापाची सहा. आण्णांनी गोळ्यांच्या खोक्याच्या पाठीवर देवनागरीत उतरवून घेतली आणि पाठ केली. ती नावं मी इथे लिहीत नाही, छापलेली त्यांना आवडली नसती. पण त्या दिवसापासून रोज सकाळी, पाऊस असो की वारा, आण्णा कुंपणाशी ती तेरा नावं मिरजेच्या उच्चारात घेत आणि पलीकडून उत्तर येई. आठवडाभरात अन्शोचं हजर झालं. आमचा डबाही पुन्हा रस्त्यावर जायला लागला.

एकवीसच्या ऑगस्टात आण्णा परत गेले. विमानतळावर मी त्यांना घट्ट धरलं तर म्हणाले, "राजांस्नी एकटं सोडू नगंस." मी म्हटलं, आणि मी? त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हापासून मी रोज फोनवर एकच विचारत होते, जेवलात का. दुसरं काय विचारणार. त्याच उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, मिरजेत काय झालं होतं, कोण कोण गेलं होतं, ते आम्ही दोघंही टाळत होतो.

ऑक्टोबरात मुकुटाचं पाकीट आलं. राजांनी ते माझ्याकडे वाचायला दिलं. या वर्षी संख्या मर्यादित असल्यानं तळघरात फक्त यादीतल्यांनीच यावं. ऑनलाइन सोय नाही. माझा चेहरा पडला. मी म्हटलं, "हे आमच्यामुळे. आण्णा ओरडले म्हणून." राजे म्हणाले, "तसं काही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्यावर विश्वास ठेवता ना?" आणि पत्र पुन्हा नीट घडी करून पाकिटात घातलं. आण्णांना मी हे कळू दिलं नाही.

नोव्हेंबरातल्या त्या मृतांच्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. अकराला पाच कमी असताना कचऱ्याचा डबा आत घ्यायला बाहेर आले, तर त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून काळा कोट दिसला. टीव्ही बंद, रेडिओ बंद, आणि राजे खोलीच्या मधोमध ताठ उभे, समुद्राकडे तोंड करून. मी दार ढकलून आत गेले. ते हळूच म्हणाले, "सुरू होईल आता." भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन कमी. मी बाजूला उभी राहिले. काटा पुढे गेला. ते नावं मनात मोजत असावेत, ओठ हलत होते. मग म्हणाले, "झालं. संपली."

आणि खांदे खाली आले. सत्तरी उलटलेला तो उंच माणूस माझ्या डोळ्यांदेखत लहान झाला.

मी मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिथे साडेचार, आण्णा बनियनवर चहा पीत ओट्यावर. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, पत्रसुद्धा. आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणाले, "थांब, टोपी घालतो." सदरा घातला, टोपी घातली, ओट्यावरून उठून उभे राहिले आणि तेराच्या तेरा नावं घेतली, एकही न अडखळता, सात मुलाची, सहा बापाची. शेवटी डेपोतल्या साहेबासारखा आवाज चढवून म्हणाले, "हजर हाय का?"

"हजर," राजे म्हणाले. मग इंग्रजीत, माझ्याकडे वळून, "तळघर उघडं असताना वडिलांच्या नावाशेजारी माझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. म्हणाले, तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगा मला. मी आण्णांचं पूर्ण नाव एकेक शब्द करून सांगितलं, आणि राजांनी ते कॉर्कच्या सुरात मोबाइलला ऐकवलं. मिरजेत आण्णांनी टाचा जुळवल्या. "हजर!"

मला वाटलं, झालं. मी फोन ठेवायला गेले, तर आण्णा म्हणाले, "थांब की. अजून एक ऱ्हायलंय."

आणि त्यांनी माझं नाव घेतलं. लग्नानंतरचं नव्हे, माझं जुनं. माझं नाव, मग त्यांचं, मग आडनाव, शाळेत घ्यायचे तसं. मागे ओट्यावर आईनं लावलेली तुळस दिसत होती, तिचा अर्धा भाग वाळलेला. आण्णा वाट बघत होते. मी तोंड उघडलं. काय म्हणू? कुठे हजर? गेल्या महिन्यात ते तापानं फणफणले तेव्हा मी कुठे होते, पुढच्या वेळी कुठे असणार आहे? मी नुसती मान हलवत उभी राहिले, नाही म्हणते की हो म्हणते ते माझं मलाच कळेना.

राजांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि माझ्या वतीनं म्हणाले, "अन्शो."

आण्णांनी टोपी सारखी केली. "बरं," म्हणाले. "लागली हजेरी."